'एन्डोक्राइन डिसरप्टर'ला मराठीत काय म्हणावं?

नागपूरकरीण: मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. नाग नदीच्या सांडपाण्याचा फलक माझ्याकडे आलाय. पाण्यातली काही रसायनं माशांच्या हार्मोनमध्ये गडबड करतात, त्यांना मी 'अंतःस्रावी विघातक' लिहिलं. मुलीनं वाचून विचारलं, "आई, माशाच्या पोटात काही फुटतं का?" आणि 'जनुक अभिव्यक्ती'वर (जीन एक्सप्रेशन, म्हणजे जनुक किती काम करतं ते) तर ती हसलीच. सुचवा काहीतरी.

जुनाशब्द: ताई, पोरीचं बरोबर आहे. 'विघातक' म्हटलं की मोडतोड डोळ्यासमोर येते. इथं होते ती फसवणूक. अंड्यातल्या बलकासाठी लागणारं व्हायटेलोजेनिन हे प्रथिन मादीच्या यकृतात बनतं, इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनच्या हुकमावरून. ते जनुक नराकडेही असतं, पण निजलेलं. गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिलएस्ट्रॅडिओल लघवीवाटे सांडपाण्यात येतं, नराच्या यकृतपेशीतल्या इस्ट्रोजेनच्या ग्राहीत, म्हणजे हार्मोनचा हुकूम घेणाऱ्या रिसेप्टरमध्ये, जाऊन बसतं, ती जोडी डीएनएला चिकटते आणि जनुक कामाला लागतं. कॅनडातल्या एका तळ्यात २००१ ते २००३ हे मुद्दाम करून पाहिलं. लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम, तरी फॅटहेड मिनो हे मासे तळ्यातून जवळपास संपले. म्हणून माझा शब्द: तोतया संप्रेरक, म्हणजे तोतया हार्मोन. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याला खरा मानणारे निघालेच होते ना!

बाटलीतलं_विज्ञान: तोतया झकास, पण सगळेच तोतये नसतात हो. विन्क्लोझोलिन हे बुरशीनाशक अँड्रोजेन या नराच्या हार्मोनच्या ग्राहीत नुसतं ठाण मांडतं. स्वतः हुकूम सोडत नाही, खऱ्यालाही शिरू देत नाही. काही रसायनं तर इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अ‍ॅरोमाटेज या विकरालाच (एन्झाइमलाच) आडवी जातात. सगळ्यांना मिळून 'संप्रेरक-व्यत्ययी' बरं. 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही दूरदर्शनची पाटी पाहिलेल्यांना लगेच कळेल. पोरांचं मात्र सांगत नाही.

कूलरवाला_भाऊ: पोरं 'हार्मोनचा लोचा' म्हणतील बाप्पा, आणि समजतीलही! पण 'निजलेलं जनुक' जरा जपून. जनुक दिव्याच्या बटणासारखं नुसतं चालू-बंद नसतं. मे महिन्यात आपण कूलरचा पंखा कधी एकवर, कधी तीनवर करतो, तसं ते कमी-जास्त चालतं. 'अभिव्यक्ती' ऐकलं की मला कविसंमेलनच आठवते. 'जनुकाची सक्रियता' लिहा.

नागपूरकरीण: ठरलं. वर मोठ्या अक्षरात 'तोतया संप्रेरकं', खाली बारीक 'संप्रेरक-व्यत्ययी रसायनांचा एक प्रकार', आणि 'सक्रियता'. आता लेकीचा नवा प्रश्न: मग नर अंडी घालतो का?

जुनाशब्द: नाही. बलकाचं प्रथिन त्याच्या रक्तात नुसतं साठत राहतं, यकृत-मूत्रपिंडाला उगाच भार. इंग्लंडच्या नद्यांत रोच माशांच्या वृषणांत अंडपेशी सापडल्या आहेत, तेही लिहा. फक्त फलकावर इंग्लंड-कॅनडाचे मासे नाग नदीत सोडू नका, म्हणजे झालं.