अ‍ॅपलॉकर चुकवता येतो, मग दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

सिस्टिमवाला:
विंडोजचं अ‍ॅपलॉकर विंडोज ७ सोबत २००९ ला आलं. अ‍ॅडमिनने परवानगी दिलेलेच प्रोग्राम चालू द्यायचे, बाकी सगळं बंद, एवढंच त्याचं काम. २०१६ ला एका रिसर्चरने दाखवून दिलं की रेजएसव्हीआर३२ हा विंडोजचाच प्रोग्राम, जो डीएलएल (अनेक प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाइल) सिस्टिममध्ये रजिस्टर करायला असतो, त्याला इंटरनेटवरच्या स्क्रिप्टचा पत्ता दिला की तो ती स्वतः आणतो आणि लगेच चालवतो, अ‍ॅडमिन राइट्स लागत नाहीत, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) काही लिहिलं जात नाही आणि अ‍ॅपलॉकरमधले स्क्रिप्टचे नियम चालू असले तरी ते मध्ये येत नाहीत. कुंपणानेच शेत खाल्लं. माझ्या मते ही सरळसरळ त्रुटी आहे आणि ती पॅच करणं मायक्रोसॉफ्टचं काम आहे, अ‍ॅडमिनच्या गळ्यात मारायचं नाही.

वाटसरू:
असहमत. अ‍ॅपलॉकर ही पक्की सुरक्षा सीमा नाही, जास्तीचा एक थर आहे, असं मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. मजबूत संरक्षण हवं असेल तर अ‍ॅप कंट्रोल (विंडोजचीच, कोणता कोड चालू द्यायचा हे ठरवणारी जास्त कडक सोय) वापरा, हेही तिथेच सांगितलंय. आणि मुळात परवानगी असलेल्या प्रोग्रामला दुसरा कोड चालवता येत असेल तर तो चालवणारच, मग मॅक्रो (डॉक्युमेंटच्या आत लिहिलेला छोटा कोड) चालवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामलाही त्रुटी म्हणणार का? असं पॅच करत बसलात तर निम्मी विंडोज बंद करावी लागेल.

सिस्टिमवाला:
डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं म्हणून जबाबदारी संपत नाही हो. ऑफिसच्या मॅक्रोतून प्रोग्राम सुरू करताना एक ठराविक फ्लॅग (जादा सूचना) दिला की अ‍ॅपलॉकरची तपासणीच होत नव्हती, आणि २०११ ला त्यावर मायक्रोसॉफ्टनेच हॉटफिक्स काढला होता. म्हणजे मनात आलं की दुरुस्त करता येतं. अ‍ॅपलनेही केलंच की, मॅकओएसच्या गेटकीपरला, म्हणजे डाउनलोड केलेले प्रोग्राम उघडण्याआधी तपासणाऱ्या सोयीला, चकवणारी पळवाट एप्रिल २०२१ मध्ये ११.३ व्हर्जनला बंद केली, तोवर मालवेअरवाले ती वापरायलाही लागले होते.

वाटसरू:
तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. गेटकीपरमध्ये काय झालं होतं, तर अ‍ॅपच्या आत नुसती स्क्रिप्ट असेल आणि माहितीची प्लिस्ट फाइल नसेल तर सिस्टिम त्याला अ‍ॅपच समजत नव्हती, म्हणून तपासणी व्हायचीच नाही. हा तपासणाऱ्या कोडमधला बग. २०११ चंही तसंच, तपासणी टाळायचा रस्ताच ठेवलेला होता. रेजएसव्हीआर३२ च्या बाबतीत अ‍ॅपलॉकरने नीट तपासलं, विंडोजचा प्रोग्राम आहे, नियमात बसतो, जाऊ दे म्हणाला. चुकलं असेल तर तुमच्या नियमात चुकलंय.

अनामिका:
मी वाटसरू यांच्या बाजूने, पण एक गोष्ट सोडून. डिफॉल्ट नियम बघा, विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमधलं सगळं सगळ्यांना चालवता येतं. आता विंडोज फोल्डरच्या आतल्या टास्क्स आणि टेम्पमध्ये साध्या युजरला फाइल टाकता येते, म्हणजे कुठलीही ईएक्सई (चालवता येणारी प्रोग्रामची फाइल) तिथे नेऊन ठेवली की परवानगी आपोआप मिळाली. डीएलएलचे नियम तर मुळात बंदच असतात. यात रिसर्चरचीही गरज नाही! हे डिफॉल्ट कंपनीने दिलेत, त्याचा दोष अ‍ॅडमिनवर ढकलू नका. बाकीचं मात्र अ‍ॅडमिनलाच करायचंय. एमएसबिल्ड घ्या, डेव्हलपरचं कोडपासून प्रोग्राम तयार करायचं टूल, डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्मसोबत मशीनवर येतं, प्रोजेक्ट फाइलमध्ये लिहिलेला सी शार्प कोड जागच्या जागी कंपाइल करून चालवतं, जो माणूस दिवसभर मेल आणि एक्सेल बघतो त्याच्या मशीनवर ते सुरू ठेवायचं कारणच काय? मायक्रोसॉफ्टच्या शिफारस केलेल्या ब्लॉक लिस्टमध्ये एमएसबिल्ड आहे, एचटीएमएलमध्ये लिहिलेले प्रोग्राम चालवणारं एमएसएचटीए आहे, ती लिस्ट उघडून तरी बघा.

सिस्टिमवाला:
लिस्ट बघितलीय, आणि माझी तक्रार तिथेच आहे. धोकादायक प्रोग्राम कोणते हे कंपनीला माहीत आहे, लिस्टही तीच ठेवते, मग अ‍ॅपलॉकरचे डिफॉल्ट नियम तयार करताना ते आपोआप ब्लॉक का होत नाहीत? ज्याला एमएसबिल्ड लागतं तो डेव्हलपर स्वतः उघडून घेईल. लहान ऑफिसात एकच माणूस प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं बघतो, त्याने डिफॉल्ट नियम लावले आणि आपण सुरक्षित झालो असं समजला, तर त्यात त्याची चूक नाही.

वाटसरू:
डिफॉल्टचा मुद्दा मान्य. पण रेजएसव्हीआर३२ सरसकट बंद कराल तर कित्येक जुने इन्स्टॉलर अडकतील आणि शिव्या त्याच एकट्या माणसाला पडतील. त्यापेक्षा फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रामचं बाहेर जाणारं कनेक्शन अडवा, डीएलएल रजिस्टर करायला इंटरनेट लागत नाही. स्क्रिप्ट आधीच मशीनवर आणून ठेवली असेल तर यानेही अडणार नाही, तेवढ्यासाठी अ‍ॅप कंट्रोलच लावावं लागेल.