टीबी निघालाय, मग एचआयव्हीची तपासणी कशाला?

शिरोलीकर_धाकटा: थोरला भाऊ एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. महिना-दीड महिना खोकला, रात्री बनियन भिजेपर्यंत घाम. आम्ही म्हटलं वाळूची धूळ, दुसरं काय. थुंकी तपासली तर टीबी. औषध सुरू करतानाच तिथल्या ताईंनी एचआयव्हीची चाचणीपण करूया म्हणून सांगितलं. हे ऐकल्यापासून वहिनी भावाशी धड बोलंना. त्याच्यावर संशय घेतलाय काय? नको म्हटलं तर टीबीच्या गोळ्या बंद करतील का?

कळंबा_कॉलनी: माझ्या सासूबाईंची पण केली होती, वय 71. आता त्यांच्यावर कसला संशय घेणार!

निवृत्त_समुपदेशक: दादा, गोळ्या कुणी बंद करणार नाही. संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, 2017 चा कायदाच आहे तसा. पण नको म्हणू नका. टीबीच्या प्रत्येक पेशंटला हे विचारतात, सोळा वर्षं मी तेच केलं. एचआयव्ही असलेल्याला टीबी होण्याचा धोका दहापटीहून जास्त असतो, आणि एचआयव्हीचं निदान राहून गेलं तर नुसत्या टीबीच्या गोळ्यांवर माणूस हाताला लागत नाही. असे गेलेले मी पाहिलेत. फौंड्रीतल्या सिलिकाच्या धुळीनंही टीबीचा धोका वाढतो, त्यामुळं भावाला टीबी झाला यात वहिनींनी शंका घेण्यासारखं काही नाही. हे त्यांना समुपदेशकाच्या तोंडून ऐकू द्या, दिराच्या नको.

यंत्रमाग_इचल: मला दोन्ही होते, म्हणून लिहितो. माझं उलटं. एचआयव्ही आधीपासून, एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं चालू. तिथं दर खेपेला चार प्रश्न ठरलेले: खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम. मी वजनाला हो म्हटलं. थुंकीच्या साध्या तपासणीत काही दिसलं नाही, टीबी पकडला तो जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट मशीननं. एचआयव्हीवाल्यांत जंतू कमी असतात थुंकीत, म्हणे. पुढं एचआयव्हीची डोलुटेग्राविरची गोळी सकाळी होती ती संध्याकाळीपण द्यायला लागले, कारण टीबीचं रिफाम्पिसिन तिचा जोर कमी करतं. आता हे टीबीच्या खिडकीला एक डॉक्टर आणि एआरटीच्या खिडकीला दुसरा, असं असतं तर कुणाच्या लक्षात आलं असतं? सुरुवातीला एका ठिकाणी तसंच होतं. दोन इमारती, दोन केसपेपर, आणि शिपाई लांबून ओरडायचा, "एआरटीवाले इकडं!" मान खाली घालून जायचो. नंतर एआरटी केंद्रातच दोन्ही औषधं मिळायला लागली, एका पिशवीत. माझा पगार कापायचा थांबला तो त्यामुळं. आणि हो, लघवी केशरी झाली तर घाबरू नका, गोळीनं होते. आमची ही किडनी गेली म्हणून रडली होती.

शिरोलीकर_धाकटा: समजा निघालाच एचआयव्ही, तर दोन्ही औषधं एकदम चालू करतात?

निवृत्त_समुपदेशक: नाही. आधी टीबीचं, मग साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी. टीबी मेंदूच्या आवरणाला असेल तर थोडं थांबतात. एआरटी केंद्र कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात आहे, पण आधी रिपोर्ट तर येऊ दे, आत्तापासून जीव जाळू नका. घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी मात्र करून घ्या, पोरांची आधी. निक्षय या टीबीच्या सरकारी योजनेतले पोषणाचे महिन्याला हजार रुपये भावाच्या खात्यात येतात (नोव्हेंबर 2024 च्या आधी पाचशे होते), म्हणून पासबुकाची झेरॉक्स न्या.

शिरोलीकर_धाकटा: वहिनी स्वतःच येते म्हणाली बरोबर. सोमवारी जातोय. उपाशीपोटी जायचं का?

निवृत्त_समुपदेशक: छे, या चाचणीला उपाशी लागत नाही. नाष्टा करून जा. वहिनींना आणखी काही विचारायचं असेल तर 1097 या एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन करू दे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.