शिवजयंतीच्या महिन्यात ब्लॅक हिस्टरी कशाला?

हाइडपार्कवाली: मंडळाच्या ग्रुपवर काल पोस्ट आली: "फेब्रुवारी शिवजयंतीचा. ब्लॅक हिस्टरी ज्यांची त्यांनी करावी. फार तर मुलांना डॉ. किंगचं चित्र रंगवायला द्या." शिकागोत राहून कुणी असं लिहावं याचा संताप आला, म्हणून सविस्तर लिहिते. अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, ब्लॅक हिस्टरी मंथ, आणि त्याचं मूळच आपल्या शहरात आहे. 1915 मध्ये कार्टर वुडसन यांनी वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूच्या वायएमसीएत कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी संस्था काढली. 1926 मध्ये त्यांनी इतिहासाचा आठवडा सुरू केला, पुढे त्याचाच महिना झाला. ती इमारत अजून उभी आहे, इथल्या आयआयटीपासून, म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीपासून, चालत जाण्याजोगी. आपली कितीतरी मुलं तिथे मास्टर्स करून गेली, त्यातल्या किती जणांनी ती पाहिली?

उपनगरातल्या शाळेचा हॉल आणि स्लाइड्स नकोत. ग्रीन लाइनच्या गाडीने ब्रॉन्झव्हिलला, साउथ साइडच्या कृष्णवर्णीय वस्तीत, उतरा, तिथल्या जाणत्या माणसाला मानधन द्या, त्याच्यासोबत फिरा, जेवा तिथेच. किंग ड्राइव्हवर अमेरिकेच्या दक्षिणेतून इथे आलेल्या कृष्णवर्णीय माणसाचा पुतळा आहे, हातात जुनाट सूटकेस. जवळून पाहा, त्याचा अख्खा सूट बुटांच्या झिजलेल्या सोलांचा आहे. पायाशीही सोलांचाच ढीग. माझी मुलगी ते चाचपत किती वेळ उभी होती.

नेपरव्हिलकर: पोस्ट माझी आहे आणि मी ती मागे घेणार नाही. मुलांच्या शाळेत फेब्रुवारीभर हाच विषय असतो. महाराजांचं नाव शाळा घेणार आहे का? ते आम्हालाच करावं लागतं. गेल्या वर्षी पोवाडा सुरू व्हायच्या आत अर्धा हॉल जेवून घरी गेला होता. खुर्च्या उचलायला आम्ही चौघे. आधी आपलं धड करा.

जुना शिकागोकर: खुर्च्यांचं दुःख खरं आहे. पण मी आयआयटीत आलो तेव्हा सीनियरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, स्टेट स्ट्रीटच्या पलीकडे, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, जायचं नाही. कपडे धुवायला मात्र जावंच लागे. तिथे एक आजोबा भेटायचे, पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांत पोर्टर होते, म्हणजे प्रवाशांची सेवा करणारे. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे गठ्ठे पोर्टर लोक दक्षिणेत कसे पोचवायचे, युनियन 1925 ला झाली पण कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं, हे सगळं मी त्यांच्याकडून ऐकलं. शाळेतल्या धड्यात ही माणसं येत नाहीत.

खडकीचा: आपला संबंध याहून जुना आहे. मलिक अंबर हबशी होता, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेला होता. खडकी त्याने 1610 मध्ये वसवली, तेच पुढे औरंगाबाद. शिवजयंतीतच त्याच्यावर अर्धा तास ठेवा.

नेपरव्हिलकर: शिवजयंतीत अंबर? तो निजामशाहीचा वजीर! शहाजीराजे त्याला सोडून गेले.

खडकीचा: आधी त्याच्यासाठी लढले, ते सांगा की. 1624, भातवडीची लढाई. त्यांचे भाऊ शरीफजीराजे तिथेच पडले. शिवभारत उघडून बघा.

नेपरव्हिलकर: मला शिवभारत शिकवू नका. भातवडी मान्य, पण तेवढ्यावरून त्याला महाराजांच्या शेजारी बसवायचं?

खडकीचा: शेजारी कोण म्हणालं? उगाच माझ्या तोंडी घालू नका. माझं गाव त्याने वसवलं, मला त्याचा अभिमान आहे.

हाइडपार्कवाली: अहो, भातवडीतून बाहेर या दोघेही. अंबर मोठाच, पण त्याचं नाव घेतलं म्हणजे साउथ साइडला जायची गरज संपली, असं होत नाही. 1919 मध्ये मिशिगन सरोवरात पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा दगडफेकीत बुडाला, दंगल उसळली, 38 माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर आपण मुलांना घेऊन जातो. आणि संबंध विचारता? जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांना पुण्यात बसून संबंध दिसला. आपण तर इथे राहतो.

नेपरव्हिलकर: फुल्यांचं नाव आलं की माणसाने गप्प बसायचं, हे माहीत आहे. ठीक. 19 तारखेला हात लावायचा नाही. दुसरा शनिवार घ्या, मानधन मंडळाच्या खात्यातून द्या, फुकट कुणाला राबवायचं नाही. मी येईन. माझं मत बदललेलं नाही.

जुना शिकागोकर: फेब्रुवारीच्या थंडीत लहान मुलं कुडकुडतील. ऑगस्टमध्ये किंग ड्राइव्हवर कृष्णवर्णीयांची बड बिलिकन परेड असते, 1929 पासून. तेव्हा जाऊ या.

हाइडपार्कवाली: ऑगस्टमध्येही जाऊ. फेब्रुवारी रद्द होणार नाही. थर्मल घालून या.