देखरेखीखालची भेट म्हणजे दोषी ठरवणं नव्हे

एकांनी लिहिलंय की नवरा-बायकोच्या वादात बापाला "मुलाला कोर्टातच, देखरेखीखाली भेटा" असा आदेश आला म्हणजे त्याला गुन्हेगार ठरवून मोकळे झाले. हे मला अजिबात पटत नाही. असे आदेश बहुतेक वेळा अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंत तात्पुरते असतात. आरोप खरे की खोटे हे ठरायला वर्षं जातात, तोवर पोरानं बापाचा चेहरा विसरायचा का? भेट पूर्ण बंद करण्यापेक्षा समुपदेशकासमोर का होईना, पण सुरू ठेवणं कितीतरी बरं.

मुलाचा ताबा आणि भेटीचे आदेश कधीच कायमचे नसतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच सांगितलंय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालीही ते बदलून मागता येतात. म्हणून भेटीला वेळेवर जा. पोराला "आई काय म्हणते?" असं खोदून विचारू नका, त्याच्यासोबत चित्र काढत बसा. भेटी सुरळीत होत गेल्या की त्याच आधारावर बाहेर भेटण्यासाठी अर्ज करा.

मुलापासून दूर राहणाऱ्या पालकांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल महत्त्वाचा आहे. मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यावं, व्हिडिओ कॉलही व्हावा, असं त्यात म्हटलंय. वकिलांना त्याबद्दल जरूर विचारा.

मात्र मारहाणीचा खरा धोका असेल तिथे देखरेख हवीच, आणि तिथे आईच्या भीतीला कांगावा म्हणणं मला फार क्रूर वाटतं.