मदत हवी आहे: पांढरी अळंबी, ॲप ‘आयव्हरी वॅक्सकॅप’ म्हणतंय, खायची का?

जुळेसोलापूरची_सई (सायं. ५:५०)
जरा लवकर सांगा. परवाच्या पावसानंतर पांढऱ्याशुभ्र अळंब्या आल्यात, आठ-नऊ तरी असतील. ॲपला फोटो दिला तर ‘आयव्हरी वॅक्सकॅप’ असं नाव आलं. माहितीत लिहिलंय, झाडीत येते, पांढरी, बुळबुळीत, खाता येते. आमचीही पांढरी आणि बुळबुळीत आहे. सासूबाई कांदा चिरून बसल्यात. फोटो जोडलाय. हो की नाही, एवढंच हवंय.

रानवाटा (६:०२)
नाही. आधी गॅस बंद करा, मग बोलू.
फोटोत अळंबी ताटलीत आहे. उगवली कुठे? कोणत्या झाडाखाली? देठाचं बूड कुठे गेलं? टोपीखालचे पापुद्रे देठाला चिकटलेत की सुटे आहेत?

कोकणकडा (६:०९)
एवढं घाबरवू नका हो. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावरची अळंबी सगळे खातात. गोव्यात तर पानात बांधून विकायला असते. पांढरी आहे, ताजी आहे, म्हणजे तीच.

रानवाटा (६:१५)
कोकणकडा, तुम्ही लहानपणापासून एक जागा, एक वारूळ ओळखून खाता. वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल जातो, थेट वाळवीच्या घरापर्यंत. इथे बूडच दिसत नाही. मग ‘तीच’ कशावरून?

सई (६:२१)
घरामागे कडुनिंब आहे, त्याच्याखालच्या हिरवळीत. उन्हाळ्यात शेणखत टाकलं होतं. बूड जमिनीतच राहिलं, विळीने कापून घेतल्या. हे सगळं कशाला लागतं? ॲपने नाव दिलंय ना?

पानगळ (६:३४)
सईताई, कडुनिंब म्हणालात तिथेच ॲपचं उत्तर बाद झालं. ही वॅक्सकॅप मुळांशी भागीदारी करून जगते, आणि तिचा जोडीदार बीच, म्हणजे युरोपातल्या थंड जंगलातलं झाड. हिच्या जवळची हायग्रोफोरस कॉसस ओकखाली येते. कडुनिंबाच्या मुळांशी या जातीच्या बुरशीचं जमत नाही. खऱ्या वॅक्सकॅपचे पापुद्रे जाड, मेणचट, एकमेकांपासून लांब आणि देठावर थोडे उतरलेले असतात. तुमच्या फोटोत दाट आणि देठापासून सुटे दिसतायत.
बुळबुळीत कधी वाटली? जमिनीत असताना की नंतर?

हिरवळप्रेमी (६:४०)
लॉनमधून भूछत्रं कायमची घालवायची तर वरून औषध मारून उपयोग नाही. खाली कुजलेलं लाकूड असेल तर ते काढा, पाणी साचू देऊ नका. मी दोन वर्षं हा त्रास काढलाय.

सई (६:४८)
घालवायची नाहीत, ओळखायची आहेत.
पानगळ, तोडताना कोरडीच होती. आज आमच्याकडे पाण्याचा दिवस होता, नळ आल्या आल्या सगळ्या धुऊन घेतल्या. वर मधोमध तपकिरी खपल्या होत्या, माती समजून चोळून काढल्या. देठाच्या गळ्याशी फाटका पापुद्रा लोंबत होता, तोही काढला.

पानगळ (६:५५)
ओळख त्यातच होती, ताई! तो फाटका पापुद्रा म्हणजे कडं, आणि मधल्या खपल्याही तिच्याच. वॅक्सकॅपला असलं कडं नसतं. माझा संशय क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसवर आहे. हिरवळीत, खतावर येते, दिसायला देखणी असते, आणि खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब.
आज रात्री एक करा. एका टोपीचा देठ कापा, पापुद्रे खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी बीजाणूंचा ठसा दिसेल. वॅक्सकॅपचा पांढरा, वारुळावरच्या अळंबीचा गुलाबीसर, हिचा हिरवट.

आजीचीशिकवण (७:०३)
एवढं कशाला? शिजवताना लसणाची पाकळी टाका. काळी पडली तर विषारी, नाहीतर बिनधास्त. चांदीचं नाणंही चालतं.

रानवाटा (७:०८)
कृपा करून हे कुणाला सांगू नका. लसूण विष ओळखत नाही. अमॅनिटा नावाच्या अळंबीच्या काही जातींतलं विष शिजवूनही जात नाही. त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, मग एक दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत खराब होत जातं. बरं वाटलं म्हणून माणूस दवाखान्यातून परत येतो आणि तिथेच घात होतो.
सई, कुणी चाखलंय का? थेट उत्तर द्या.

सई (७:१४)
नाही, शिजवलीच नाही. सासूबाई रुसल्यात. त्यांच्या माहेरी, मंगळवेढ्याकडे, म्हणे अशीच खायचे.

भाकरी_शेंगाचटणी (७:३०)
कांदा वाया घालवू नका, पिठलं टाका. अळंबीच खायची तर दुधी अळंबी घरी लावा. ती उष्णता सोसते, आपल्या सोलापूरच्या हवेला धिंगरीपेक्षा (ऑयस्टर मशरूमपेक्षा) बरी. भुशाच्या पिशव्यांत येते.

कोकणकडा (७:४१)
धिंगरीही येते की. ओलं गोणपाट लावा.

भाकरी_शेंगाचटणी (७:४४)
एप्रिलमध्ये इथं गोणपाट तासात वाळतं. या एकदा.

सई (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:१०)
वाटी उचलली. काळ्या अर्ध्यावर नीट कळत नाही, पण पांढऱ्या अर्ध्यावर चाकासारख्या रेषा उमटल्यात. रंग शेवाळलेल्या हौदासारखा, राखाडी-हिरवा. टोपीखालचे पापुद्रेही रात्रीत हिरवटले.
सासूबाईंना कागद दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या, मग स्वतःच जाऊन अळंब्या खड्ड्यात पुरून आल्या. ताटली, विळी घासून घेतली. शेजारच्यांची लहान मुलं हिरवळीत खेळतात, त्यांच्या आईला आत्ताच सांगून येते.

पानगळ (७:२६)
आधी ते सांगून या. आणि उरलेली बुडंही उपटून टाका, पुढच्या पावसात पुन्हा येतील तेव्हा लगेच काढा.