‘सगळे पोल बोगस’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शब्दखेळ्या
काल इथे ‘आयोवाच्या पोलने अब्रू घालवली, पोलवाले म्हणजे पोपट घेऊन बसणारे ज्योतिषी’ असा धागा आला आणि त्यावर धडाधड ‘+१’ पडले. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

ॲन सेल्झर बाईंच्या पोलने २०२४ च्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत, मतदानाच्या तीन दिवस आधी सांगितलं, आयोवा राज्यात हॅरिस ४७ टक्के, ट्रम्प ४४. ट्रम्प तिथे १३ टक्क्यांनी जिंकले. सपशेल आपटलं, मान्य. पण याच बाईंनी २०१६ आणि २०२०, दोन्ही वेळा शेवटच्या पोलमध्ये ट्रम्प ७ ने पुढे सांगितले होते. निकाल आला ९ आणि ८ च्या आसपास. तेव्हा पोपट कुठल्या झाडावर होता?

आणि एका राज्यातल्या आठशे लोकांच्या एका पोलवरून अख्खा धंदा बोगस? २०२४ च्या देशपातळीवरच्या सगळ्या पोलच्या सरासऱ्या हॅरिसना एखादा टक्का पुढे दाखवत होत्या, ट्रम्प दीडने जिंकले. चूक अडीच टक्क्यांची. २०१६ लाही पोल एकत्र करून अंदाज देणाऱ्या फाइव्हथर्टीएट या साइटने ट्रम्पना जिंकायची २९ टक्के शक्यता दिली होती. २९ म्हणजे शून्य असं वाचणाऱ्यांनी गणिताच्या मास्तरांना जाब विचारावा.

तिरकस
तो धागा माझा. ‘अडीचच टक्के’ हे तुम्ही असं म्हणताय जणू सुट्टे परत द्यायचे राहिले!

२०१६ ला ट्रम्पना कमी दाखवलं. २०२० ला तर बायडन आठेक टक्क्यांनी पुढे म्हणे, जिंकले साडेचारने. विस्कॉन्सिनमध्ये एबीसी आणि वॉशिंग्टन पोस्टच्या पोलने बायडन १७ ने पुढे दाखवले, निकाल लागला एका टक्क्याच्या आत. २०२४ ला पुन्हा कमीच. कधी इकडे, कधी तिकडे चुकले असते तर मीही गप्प बसलो असतो. तीनदा एकाच बाजूला? आणि तेही जिथे एका टक्क्यावर राष्ट्राध्यक्ष ठरतो अशा राज्यांत?

हडसनकाठचा
विद्यार्थी असताना इथे अमेरिकेत न्यू जर्सीत एका सर्वेक्षण कंपनीसाठी संध्याकाळी फोन करायचो, म्हणून लिहितो. फोन उचलायच्या त्या एकट्या राहणाऱ्या आज्या. प्रश्नावली पंधरा मिनिटांची, नातवाचं कौतुक त्याहून लांब. पंचविशीतला पुरुष शेवटपर्यंत टिकला की सुपरवायझर टाळ्या वाजवायचा.

प्यू या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेचाच आकडा घ्या. १९९७ मध्ये फोनवर शंभरातले ३६ जण उत्तरं द्यायचे, २०१८ मध्ये ६. पोलखाली चुकीची मर्यादा म्हणून ते ‘अधिक-उणे ३’ छापतात ना, त्यात न बोलणाऱ्या ९४ जणांचा हिशोबच नसतो. २०१६ ला बऱ्याच राज्यांच्या पोलनी शिक्षणानुसार वजन दिलं नव्हतं, म्हणजे जे कमी बोलले त्यांची उत्तरं लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवून धरली नव्हती. पदवीधर जास्त बोलतात आणि ते ट्रम्पविरुद्ध उभ्या हिलरी क्लिंटनकडे झुकलेले. पुढे ते सुधारलं, तरी २०२० ला चूक वाढलीच. म्हणजे एकाच वयाच्या, एकाच शिक्षणाच्या दोघांतसुद्धा फोन उचलणारा वेगळा आणि आपटणारा वेगळा.

बोरिवली_फास्ट
तुमचं विस्कॉन्सिन राहू द्या. १ जून २०२४ आठवतो का? सगळे चॅनेल एनडीएला ३५०, कुणी ४०० म्हणत होते. सोमवारी सेन्सेक्स अडीच हजारांनी उसळला, मी त्याच दिवशी घुसलो. मंगळवारी २९३ जागा आणि बाजार चार हजारांहून जास्त अंकांनी खाली. मुलीच्या फीचे पैसे होते ते. कोण भरून देणार?

शब्दखेळ्या
तो एक्झिट पोल होता, मत देऊन आलेल्यांना विचारलेला. इथे मतदानाआधीच्या पोलची चर्चा चालू आहे. शिवाय आपल्याकडे मतांवरून जागा काढायच्या असतात, तिथे दोन टक्के हलले की पन्नास जागा हलतात. आणि फीचे पैसे एका दिवसासाठी बाजारात घाला असं कुठल्या पोलवाल्याने सांगितलं होतं?

बोरिवली_फास्ट
डॉलरमध्ये पगार घेणाऱ्यांना हे बोलायला काय जातंय.

शब्दखेळ्या
मी साताऱ्यात राहतो.

बोरिवली_फास्ट
मग तर तुम्हाला अमेरिकेच्या पोलचा इतका पुळका का ते सांगाच.

कैरीपन्हं
बोरिवली, माझ्या सासऱ्यांनी त्याच मंगळवारी दुपारी घाबरून सगळं विकलं. न विकणाऱ्यांचे पैसे काही दिवसांत वर आले, आमचे नाहीत. त्यामुळे घरात ‘पोल’ शब्द काढायचा नाही असा नियम आहे. तरी विचारते, महाराष्ट्रात महायुतीला ४८ पैकी १७ मिळतील हे गावाकडे एसटी स्टँडवर सगळ्यांना दिसत होतं, यांना कसं नाही?

तिरकस
एसटी स्टँडवर ‘सगळ्यांना’ दिसत होतं हे निकालानंतर आठवतं, ताई. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच स्टँडवर काय दिसलं होतं?

कैरीपन्हं
तुम्ही तर पोलच्या विरोधात होतात ना?

तिरकस
पोलच्या विरोधात आहे, स्टँडच्या बाजूने नाही.

शब्दखेळ्या
वा! मग हेही ऐका. १९३६ ला अमेरिकेच्या ‘लिटररी डायजेस्ट’ मासिकाने टपालाने पाठवलेली वीस लाखांहून जास्त मतकार्डं परत आली, त्यावरून रूझवेल्टविरुद्धचे लँडन जिंकणार म्हणाले. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. गॅलप या पोलवाल्याने बरोबर सांगितलं, त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून.

हडसनकाठचा
आणि १९४८ ला गॅलपच डेवी जिंकणार म्हणून बसले, ट्रुमन निवडून आले. अर्धाच इतिहास सांगू नका. डायजेस्टचा घोटाळाही तोच होता, कार्ड परत पाठवणारे वेगळे.

शब्दखेळ्या
ठीक. तीनदा एकाच बाजूला चूक झाली, याला माझ्याकडे ‘योगायोग’ सोडून उत्तर नाही, आणि योगायोग मलाही पटत नाही. झालं समाधान? पण तुम्ही ‘बोगस’ मागे घ्या. चुकीचा आकडा स्वतःच्या नावावर, मतदानाच्या तीन दिवस आधी छापायला हिंमत लागते. इतरांसारखं बरोबरीचं काहीतरी छापून त्या बाई सुरक्षित राहिल्या असत्या.

तिरकस
बाईंपुरतं मागे घेतो. बाकीच्यांचं नाही. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचे आकडे एकमेकांना चिकटतात ते आपोआप नाही.

बोरिवली_फास्ट
आणि माझे पैसे?