सर्फिंगनं मनाच्या दुखण्याला फरक पडतो का? भावासाठी विचारतेय

येळ्ळूरची लेक :
माझा मोठा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झाला. वय ४४. आम्हाला वाटलं, आता भाताच्या शेतात लक्ष घालेल, पोरांना शाळेत सोडेल. दादा घरी आला आणि सोप्यातल्या खाटेवरच राहिला. वरातीचे फटाके वाजले की परड्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहतो. रात्री उठून दाराची कडी बघतो. बरोबरचे लोक भेटायला आले की ‘डोकं दुखतंय म्हणून सांगा’ म्हणतो. धारवाडला डिमहान्स या मानसिक आजारांच्या दवाखान्यात दाखवलंय, गोळ्या चालू आहेत आणि झोपेत फरक पडलाय, हे नक्की. पण वहिनी परवा चुलीपुढं बसून म्हणाली, “गोळीनं झोप आली वन्सं, पण उठल्यावर दिवस कशानं भरायचा?” मला उत्तर देता येईना.

माझा मुलगा पणजीत नोकरीला आहे. तो म्हणतो, मामाला इथं गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर घेऊन या, परदेशात सैनिकांना सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून जाणं, उपचार म्हणून देतात. त्यानं पाठवलेला व्हिडिओ दादानं बघितला आणि परत लावायला सांगितला. घरी आल्यापासून त्यानं आपणहून काही मागितलं ते हे पहिलंच, म्हणून मी हा विषय सोडायला तयार नाही. आई म्हणते, “मन थाऱ्यावर नसलेल्याला दर्यात कशाला ढकलताय?” तिचंही खोटं नाही. दादा लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलाय, पट्टीचा पोहणारा आहे, पण समुद्र वेगळा. यात खरंच काही आहे, की पर्यटकांकडून पैसे काढायची नवी तऱ्हा? आणि गोळ्या चालू असताना चालतं का?

टिळकवाडीकर :
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. किनाऱ्यावर फळी भाड्यानं देणारा पोरगा लाटेवर उभं राहायला शिकवेल, मनाचं त्याला काय ठाऊक? डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, एवढं पाळाच.

सिस्टर, खानापूर :
मानसोपचार वॉर्डातून निवृत्त झालेली परिचारिका आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

यात तथ्य आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या गरीब वस्त्यांत हिंसाचार बघत वाढलेल्या मुलांना ‘वेव्हज फॉर चेंज’ ही संस्था वर्षानुवर्षं लाटांवर नेते आहे. इंग्लंडात कॉर्नवॉलला २०१० मध्ये ‘वेव्ह प्रोजेक्ट’ सुरू झाला, तोही मुलांसाठीच. सैनिकांचं म्हणाल तर अमेरिकन नौदलाच्या सॅन दिएगोच्या रुग्णालयात उपचारांच्या जोडीला सर्फिंग चालतं. पण तिथं नुसती फळी हातात देत नाहीत. केपटाउनची मुलं आधी वाळूवर गोल करून बसतात, आज कसं वाटतंय ते सांगतात, मग पाण्यात जातात. शिकवणारा बहुतेक त्याच भागातला असतो, मन सांभाळायचं शिक्षण घेतलेला, आणि दर आठवड्याला तोच भेटतो. एक दिवस हरमलला जाऊन फोटो काढून येण्यानं हे होणार नाही. टिळकवाडीकरांचं तिथं बरोबर आहे.

मग लाटेचा स्वतःचा गुण काय? पाठीमागून लाट येताना दिसली की छाती फळीवर, हात पाण्यात, नजर पुढं. तेवढ्या वेळात जुनं काही आठवायला जागाच उरत नाही. सतत धोका हुडकत राहणाऱ्या मेंदूला तेवढी सुटी मिळते. शिवाय लाटेनं पाडलं तरी आपण वर येतो, श्वास परत बसतो, हे अंगाला कळत जातं. तुमच्या दादांसारख्या माणसाला छातीत धडधडलं की संकट आलंच असं वाटतं. धडधड होऊन शांतही होते, याची सवय त्याला हळूहळू लागावी लागते. हे काम गोळी करत नाही. गोळी ते काम करण्याइतकं बळ देते. म्हणून दोन्ही पाहिजेत.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. सॅन दिएगोलाच नैराश्य असलेल्या, नोकरीत असलेल्या सैनिकांचे दोन गट करून अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सहा आठवडे सर्फिंग, दुसऱ्याला सहा आठवडे डोंगरवाटा. नैराश्य दोन्ही गटांत कमी झालं. ताई, तुमच्या तर गावाच्या उशाशी राजहंसगड आहे! चोर्ला घाट उतरून समुद्र गाठणं काही दर आठवड्याला जमायचं नाही. मधले रविवार गडाचे करा, पण दर वेळी त्याच माणसांबरोबर.

औषधांचं असं : चिठ्ठीत लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) असेल तर उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं, ते धोक्याचं आहे. झोपेची गोळी असेल आणि सकाळी गुंगी राहत असेल तर तशात पाण्यात उतरू नये. कधी फिट आली असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाहीच. रात्रीबेरात्री फार बिनसलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. वहिनींनाही तो लिहून द्या, आणि फक्त दादांसाठी नव्हे. त्या किती दिवस एकट्या ओढताहेत, ते तुमच्या एका ओळीत दिसलं.

मोरजीवरून :
मूळचा कुद्रेमानीचा, इथं मोरजीला सर्फिंग शिकवतो. तुमच्या भावाला, अण्णांना जरूर आणा, पण पावसाळा पूर्ण सरू दे. जून ते सप्टेंबर गोव्यात समुद्रात उतरायचंच नसतं. दिवाळीनंतर हरमल, आश्वे, मोरजी या भागात लाट बेताची असते, बऱ्याच ठिकाणी तळाला वाळू. नवशिक्याला लांब, मऊ फोमची फळी देतो, ती दोरीनं घोट्याला बांधलेली असते, आणि कमरेएवढ्या पाण्यातच सगळं शिकवतो.

विहिरीत शिकलेल्यांचा हात भक्कम असतो, पण विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्रात आत नेणारी ओढ लागली तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, त्यात चांगले पोहणारे दमून जातात. फळी सोडायची नाही, हात वर करायचा, आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीतून बाहेर पडायचं. लाल झेंडा असेल त्या दिवशी पाण्याला शिवायचंही नाही.

माझ्याकडे फौजी येतात, म्हणून आणखी एक. शिकवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा : शिट्टी नको, ओरडून सूचना नको, न सांगता मागून हात लावायचा नाही. फळीला मागून ढकलतानासुद्धा आधी ‘ढकलतोय’ म्हणायचं. हे ऐकून घेणार नाही त्याच्याकडे अण्णांना सोपवू नका. नाताळ ते नवीन वर्ष इकडे रात्रभर फटाके असतात, ते दिवस अजिबात नकोत. मधल्या वारी सकाळी लवकर या, किनारा मोकळा असतो.

येळ्ळूरची लेक :
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, चिठ्ठी बघितली, लिथियम नाही. झोपेची गोळी आहे, त्याबद्दल पुढच्या तारखेला डॉक्टरांना विचारते. नंबर वहिनीच्या मोबाइलमध्ये तिच्यासाठी म्हणूनच घालून दिला.

दादाला उत्तरं वाचून दाखवली. ‘मागून हात लावायचा नाही’ इथं त्यानं मला थांबवलं आणि म्हणाला, “ह्या पोराला कळतंय.” गडाचं वाचलं तेव्हा काही बोलला नाही, पण संध्याकाळी वहिनीला बूट कुठं ठेवलेत ते विचारलं. म्हणून आता दुसरा प्रश्न. दर रविवारी राजहंसगडावर जाणारं कुणी आहे का इथं? फार चौकशा करणारे नकोत.

वडगावचा माजी सैनिक :
आम्ही काही जण जातो की, सगळे फौजेतून आलेले. सकाळी सहाला पायथ्याशी जमतो. कुठली युनिट, कुठं पोस्टिंग, हे कुणी विचारत नाही. ज्याला सांगायचंय तो सांगतो. पहिल्या रविवारी तुम्ही किंवा वहिनी बरोबर या, म्हणजे त्यांना अवघड वाटणार नाही. अर्ध्यातून परत फिरावंसं वाटलं तर आमच्यातला एक जण त्यांच्याबरोबर खाली येईल, बाकीचे वर जातील, आणि त्याची चर्चा होणार नाही. पाण्याची बाटली आणा. चहा आमच्याकडे असतो.